पंच्याहत्तर की नव्वद?

काही वाद मिटू नयेत अशीच सगळ्यांची आतून इच्छा असते. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, आमटीत गूळ घालावा की नाही, आणि रेंजफाइंडर कॅमेऱ्याला ५०च्या पुढची एकच लेन्स घ्यायची तर ती ७५ मिलिमीटरची असावी की ९०ची. पहिल्या दोन वादांत मी पडत नाही (घरात दोन्ही पक्षांची माणसं आहेत). तिसऱ्यात मात्र माझं मत बऱ्यापैकी ठाम आहे. निमित्त भाच्याचं. त्याने एक जुना बेसा आर२ मिळवलाय आणि "मामा, ७५ घेऊ का ९०?" असं विचारून झालंय. फोनवर मी एका शब्दात उत्तर दिलं, "७५". आता त्या एका शब्दामागची कारणं.

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडं प्रास्ताविक. जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. एसएलआर कॅमेऱ्यात आत आरसा असतो आणि आपण थेट लेन्समधूनच बघतो. लांब पल्ल्याची लेन्स लावली की समोरचा माणूस व्ह्यूफाइंडरमध्येही मोठा दिसतो. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. लेन्स एकीकडे, बघायची खिडकी दुसरीकडे. खिडकीच्या मधोमध एक लहानसा उजळ चौकोन असतो, त्यात दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचं कडं फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. आता यातली गंमत (किंवा गोची) अशी, की कुठलीही लेन्स लावा, खिडकीतलं दृश्य तेवढंच राहतं. फक्त त्यात उजळ रेघांची जी चौकट दिसते ती लहान होते. लेन्स जितकी लांब, चौकट तितकी चिमुकली. आजचा अर्धा वाद या एका गोष्टीत आहे.

माझ्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे बोलायला हरकत नाही. कॅमेरा लायका एम६. एक लेन्स व्हॉइग्टलँडर कलर-हेलियार, ७५ मिमी, एफ/२.५. नाव जुन्या जर्मन कंपनीचं, पण बनवली जपानच्या कॉसिनाने, १९९९ मध्ये बाजारात आली. आट्यांची लेन्स, म्हणजे लायकाच्या एम कॅमेऱ्याला मध्ये एक अडॅप्टर लागतो. वजन २३० ग्रॅम. दुसरी लायकाचीच एल्मारिट-एम, ९० मिमी, एफ/२.८, १९९० सालचं डिझाइन, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. दोन्ही आता नव्या मिळत नाहीत, सेकंडहँडच शोधाव्या लागतात. दोन्ही अप्रतिम आहेत. कोणती जास्त शार्प, या चर्चेत मी एकही वाक्य खर्च करणार नाही. घरातल्या माणसांचे फोटो हातात धरून बघताना तो फरक कुणालाही सांगता यायचा नाही.

मग नव्वदचा एवढा दबदबा का? ज्याला विचाराल तो "रेंजफाइंडरवर पोर्ट्रेट म्हणजे ९०" असं डोळे मिटून सांगतो. माझ्या मते याचं कारण बरंचसं इतिहासात आहे. लायकासाठी १९३१ मध्ये दोन लेन्स आल्या, ९० मिमीची एल्मार एफ/४ आणि ७३ मिमीची हेक्टर एफ/१.९. (हेक्टर हे लेन्स बनवणाऱ्या माक्स बेरेक यांच्या कुत्र्याचं नाव, असं सांगतात. लेन्सला कुत्र्याचं नाव देणारा माणूस मला तरी आवडतो.) म्हणजे हा वाद तेव्हापासूनचा. पण १९५४ मध्ये एम३ आला, आणि त्याच्या खिडकीत चौकटी होत्या ५०, ९० आणि १३५च्या. १९६७च्या एम४मध्ये ३५, ५०, ९०, १३५. पंच्याहत्तरची रेघ कुठेच नाही. ती पहिल्यांदा दिसली १९८०च्या एम४-पीमध्ये. त्याच सुमाराला कॅनडात वाल्टर मांडलर यांनी डिझाइन केलेली ७५ मिमी एफ/१.४ समिलक्स आली. म्हणजे जवळजवळ पाव शतक लायका वापरणाऱ्याला ७५ची चौकटच नव्हती. ज्याची चौकट नाही ती लेन्स कोण घेणार? वडीलधाऱ्यांनी ९० वापरली, शिष्यांना ९० सांगितली, आणि ते शास्त्र होऊन बसलं. आपल्याकडे कितीतरी रूढी अशाच तयार झाल्यात. असो.

आता खिडकीतून बघू. एम६च्या नेहमीच्या ०.७२ पटीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सर्वात मोठी चौकट २८ची. तिच्या तुलनेत ९०च्या चौकटीचं क्षेत्रफळ साधारण दहावा हिस्सा भरतं, आणि ७५चं सातवा. जवळजवळ दीडपट मोठं. ९० लावून कुणाकडे बघतो तेव्हा चेहरा दिसतो, पण चेहऱ्यावर काय चाललंय ते बघायला डोळे बारीक करावे लागतात. आणि पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना बारीक करायलाही मर्यादा आहेत. खरं सांगायचं तर एम६मधली ७५ची चौकटही काही फार सुखाची नाही. ती ५०च्या चौकटीच्या आत येते, आणि तीही पूर्ण नाही, कोपऱ्यांच्या खुणा नि मधले तुकडे. पहिले दोन-तीन रोल चिडचिड होते. मग सवय होते. भाच्याची त्यातून सुटका आहे, कारण बेसा आर२मध्ये चौकट हाताने निवडायची असते, आणि ७५ला स्वतंत्र, स्वच्छ चौकट आहे. ९०ची मात्र ३५च्या पोटात.

फोकसचं गणितही इथेच उरकून घेऊ. भिऊ नका, शाळेतलंच आहे. रेंजफाइंडर किती अचूक फोकस करेल हे दोन गोष्टींवर ठरतं. त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर किती, आणि व्ह्यूफाइंडर किती पट दाखवतो. दोघांचा गुणाकार म्हणजे त्याची खरी ताकद. एम६ची ताकद सुमारे ५० मिमी. एम३ची ०.९१ पटीमुळे ६२च्या वर. बेसा आर२च्या खिडक्या जवळ, ३७ मिमी, पट साधारण ०.७, म्हणजे ताकद २६च्या आसपास. आता लेन्स किती ताकद मागते? फोकल लेंथचा वर्ग करा, त्याला एफच्या आकड्याने भागा, मग १०० ने भागा. (नेहमीचे ठोकताळे धरून, म्हणजे फिल्मवर ०.०३ मिमीचा ठिपका आणि माणसाच्या डोळ्याची साधारण एक मिनिट कोनाची क्षमता.) ७५ एफ/२.५ मागते २२.५. ९० एफ/२.८ मागते २८.९.

एम६वर दोन्ही आरामात पास. बेसावर ७५ पास, ९० पूर्ण उघडी ठेवली तर नापास. एफ/४ला आणली तर तीही पास. म्हणून भाच्याने ९० घ्यायचीच ठरवली तर व्हॉइग्टलँडरचीच ९० मिमी एफ/३.५ अपो-लँथार बघावी, ती २३च मागते. आणि ७५ नेहमीच सोपी असते असंही नाही हं! ती प्रसिद्ध ७५ एफ/१.४ याच हिशेबाने ४० मागते, म्हणजे ९० एफ/२ एवढीच. आकडा लहान म्हणून लेन्स गरीब असते असं समजू नये.

एक गैरसमजही काढून टाकतो, कारण तो मला तीनदा ऐकवला गेलाय. "९०ने मागचं जास्त पुसट होतं." पुसटपणा मुख्यतः ठरतो लेन्सच्या भोकाच्या व्यासावरून. ७५ भागिले २.५, ३० मिमी. ९० भागिले २.८, ३२ मिमी. तोच माणूस चौकटीत तेवढाच मोठा धरला, तर मागची भिंत दोघींत जवळपास सारखीच विरघळते. या दोन मिलिमीटरसाठी भांडणं म्हणजे चहात साखर अर्धा चमचा की पाऊण, यावरून घर सोडण्यासारखं आहे.

मग फरक उरतो तो कशात? अंतरात. मला जे सांगायचंय ते सगळं या अंतराबद्दल आहे.

माझी आत्या साताऱ्याला असते. वय ८७. एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने जेमतेम. तिची खोली दहा बाय दहाची. पलंग, कपाट, देवाचा कोनाडा, एक खुर्ची. आत्याचा डोक्यापासून मांडीवरच्या हातांपर्यंत फोटो घ्यायचा, म्हणजे कॅमेरा उभा धरून साधारण ९० सेंटीमीटर उंची चौकटीत हवी. ७५ने त्यासाठी लागतं पावणेदोन-दोन मीटर, नेमकं सांगायचं तर १.९. ९०ने लागतं सव्वादोन. फरक पस्तीस सेंटीमीटर, एका फरशीएवढा किंवा किंचित जास्त.

त्या खोलीत ही एक फरशी म्हणजे काय ते सांगतो. १.९ मीटर म्हणजे खुर्ची. खुर्चीत बसून मी जरा पुढे वाकलो, आवाज थोडा चढवला, की आत्याला ऐकू जातं. ती बोलते. कुणाचं लग्न कुठे मोडलं, १९६७च्या कोयनेच्या भूकंपात भांडी फडताळातून कशी पडली, माझ्या वडिलांनी लहानपणी कुणाच्या आंब्यावर दगड मारले. बोलताना हात हलतात, पदर सरकतो, मधेच स्वतःवरच हसते. मी कॅमेरा डोळ्याला लावतो, काढतो, हो म्हणतो, पुन्हा लावतो. रेंजफाइंडरचा शटर हळू आवाजाचा, तिला तर तो येतच नाही. सव्वादोन मीटर म्हणजे दार. दारात उभं राहिलं की मला ओरडावं लागतं. ओरडलो की तिला वाटतं काहीतरी झालं. मग तिच्या लक्षात येतं की फोटो काढतोय. लगेच ती पाठ ताठ करते, पदर दोन्ही खांद्यांवर घेते, ओठ मिटते आणि समोर बघते. मतदार ओळखपत्रावर आहे तोच चेहरा.

एकदा तिने स्पष्टच विचारलं, "हाराचा फोटो काढतोयस काय रे? मग नीट काढ." मी हसलो, तीही हसली. पण प्रश्न खोटा नव्हता. आपल्या घरांत माणूस गेल्यावर काय होतं ते आठवा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी कपाटं उपसत बसतं. चांगला फोटो नसतोच. मग कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करतात, खांद्यावर कुणाचातरी तिऱ्हाईत हात तसाच राहतो, स्टुडिओवाला तो पुसून देतो, आणि त्या धूसर, परक्या चेहऱ्याला आपण पुढची तीस वर्षं हार घालतो. माझ्या आजीचा फोटो असाच आहे. जी बाई दिवसभर बडबडायची ती फोटोत कुणाला ओळखतच नसल्यासारखी बघते. नातवंडांना वाटतं आजी कडक होती. ती मुळीच कडक नव्हती! पण फोटो तसं सांगतो, आणि आता फोटोचंच खरं मानलं जाणार.

म्हणून मला ही निवड किरकोळ वाटत नाही. चेहऱ्याची ठेवण लेन्स बदलत नाही, ती ठरते अंतरावर. तसंच माणूस आपल्याशी बोलत राहील का, हेही अंतरावरच ठरतं. लेन्स घेताना आपण एक अंतर विकत घेतो आणि मग वर्षानुवर्षं तेवढ्या अंतरावर बसतो. आपल्या घरांच्या खोल्या, आपल्या माणसांचे कान, आणि "अरे बस ना, उभा काय राहिलास" ही आपली सवय बघता ७५चं अंतर आपल्याला मापाचं आहे. खुर्चीचं अंतर.

"मग ५०नेच काढ की, अजून जवळ बसता येईल!" हा आक्षेप येणार हे माहीत आहे, आणि तो बरोबरही आहे, एका मर्यादेपर्यंत. ५०ने तोच फोटो घ्यायला सव्वा मीटरवर जावं लागतं. तिथे गुडघ्याला गुडघा लागतो, मांडीवरचे हात चेहऱ्यापेक्षा मोठे वाटायला लागतात, नाकही जरा पुढे येतं. शिवाय इतक्या जवळ कॅमेरा वर केला की कुणीही मान मागे घेतं. आपण जवळ गेलो की माणूस लांब जातो, असा उलटा प्रकार. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभर मुख्यतः ५०च वापरली हे मला माहीत आहे. पण ते अनोळखी गर्दीत फिरायचे, आपण आत्याच्या खोलीत बसलोय.

नव्वदच्या बाजूने जे बोलायला हवं तेही बोलतो, नाहीतर अन्याय होईल. बैठकीत गाणं चालू आहे, आपल्याला तिसऱ्या रांगेत जागा मिळालीय आणि उठणं शक्य नाही. चार मीटरवरून ९०ने १.६ मीटर रुंदी येते. गवई, त्याचे हात आणि मागच्या तानपुऱ्याचा तुकडा. ७५ने बरोबर पुढच्या माणसाचं डोकंही येतं. तिथे ९०च. (इथे एक सूचना. एम६च्या चौकटी जवळच्या अंतराला, ०.७ मीटरला धरून आखलेल्या आहेत. लांबचा फोटो घेताना चौकटीबाहेरचंही बरंच फिल्मवर येतं, ९०ला तर जाणवण्याइतकं. त्यामुळे चौकट गच्च भरायला घाबरू नये.) घाटातून एकामागे एक दिसणाऱ्या डोंगररांगा, समोरच्या गच्चीवरचं वाळवण, तिथेही ९०. आणि तुमच्याकडे एम३ असेल तर माझं निम्मं म्हणणं गैरलागू होतं. त्याच्या मोठ्या खिडकीत ९०ची चौकट ऐसपैस दिसते, फोकसची ताकद भरपूर, आणि ७५ची तर त्यात रेघच नाही. एम३वाल्यांनी ९० घ्यावी आणि सुखात राहावं.

"९०ने चेहरा जास्त भरतो" हेही अर्धंच खरं आहे. माझ्या दोन्ही लेन्स एक मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाहीत, त्यामुळे तिथे ९० जिंकते. तिची चौकट साधारण २२ बाय ३२ सेंटीमीटरची, ७५ची २७ बाय ४०. पण लायकाची ७५ मिमी एफ/२ अपो-समिक्रॉन ०.७ मीटरपर्यंत जाते आणि १७ बाय २६ सेंटीमीटर टिपते, म्हणजे ९०पेक्षाही घट्ट. किंमत मात्र आपल्यासारख्यांनी विचारू नये. आणि इतका घट्ट चेहरा घरच्या माणसाचा तरी कशाला हवा? मला तर मागचा कोनाडा हवा असतो, पलंगाचा कठडा हवा असतो, आणि हात तर हवेतच. माणूस ओळखू येतो तो चेहऱ्याइतकाच हातांनी.

तेव्हा भाच्या, ७५ घे. बेसावर तिची चौकट स्वच्छ आहे, फोकस जमतो, १७० ग्रॅम ओझं वाचतं आणि पैसेही वाचतात. त्या पैशांत रोल घे. फिल्म आता स्वस्त राहिलेली नाही आणि लेन्सपेक्षा रोलच जास्त शिकवतात. अडॅप्टर घेताना बेसासाठी कुठलाही चालेल, पण पुढेमागे लायका घेशील म्हणून ५०/७५ची चौकट आणणाराच घे. आणि दिवाळीत साताऱ्याला जाशील तेव्हा आधी अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेव. तिचं ऐक. खुर्ची ओढून घे, चांगल्या कानाच्या बाजूला. कोणता कान ते तुला माहीत आहे.

बाकी नव्वदवाल्यांनी आपली बाजू जरूर मांडावी, मी ऐकून घेईन. फक्त एक अट. तुम्ही तुमच्या घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाचा, बोलत असतानाचा, एक तरी फोटो या वर्षात काढलेला असला पाहिजे. तो ९०ने काढला असेल तर मी वाद आनंदाने हरायला तयार आहे.